परक्या हाताची गुदगुली

तळव्याला गुदगुली झाली की आधी पायाचा अंगठा आत वळतो, मग पाऊल मागे ओढलं जातं, आणि हसू येतं ते सगळ्यात शेवटी. आज क्रम चुकला. स्वतःच्या तळव्यावर बोट फिरवून शालनमावशी आधी हसल्या. अंगठा जागच्या जागी राहिला.

डॉ. नीलोफर मुल्ला पडद्यावरच्या रेषा सोडून त्या अंगठ्याकडेच बघत राहिली.

मिरजेच्या त्या पुनर्वसन केंद्रात मावशी गेलं वर्षभर येत होत्या. कडबाकुट्टीच्या यंत्रात उजवा हात मनगटाच्या वरपर्यंत गेला होता, आणि त्या जागी आता कृत्रिम संवेदी हात होता. बोटांवर कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ कातडी, आणि तिच्यावरचा स्पर्श दंडातल्या मज्जातंतूपर्यंत पोचवणारी बारीक तार. त्या हाताने वस्तू धरता येई, गरम-गार कळे. पण मेंदूने हात आपला मानला की नाही, हे कुठल्याच पडद्यावर नीट दिसत नसे. ते गुदगुलीने कळे.

आपल्याच हाताने आपल्याला गुदगुली होत नाही. बोट हलवायचा हुकूम सोडतानाच मेंदू येणाऱ्या स्पर्शाचा अंदाज बांधतो, आणि स्पर्श अंदाजाप्रमाणे आला की तो मंद करून टाकतो. दुसऱ्याच्या बोटाचा असा अंदाज बांधता येत नाही, म्हणून आपण खिदळतो. संवेदी हाताचा निरोप सुरुवातीला किंचित उशिरा पोचायचा आणि मेंदू फसायचा. मावशी त्या हाताचं बोट स्वतःच्याच तळव्यावर फिरवायच्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायच्या. दर भेटीत नीलोफर तो उशीर थोडा कमी करत आली होती. ज्या दिवशी गुदगुली थांबेल, त्या दिवशी हात त्यांचा.

बाहेर बाकावर मावशींची मुलगी समीक्षा बसली होती. तिला आठवा महिना लागला होता. दिवस गेल्याचं कळल्यापासून तिचं एकच विचारणं चाललं होतं, “मम्मी, बाळाला न्हाऊ तूच घालणार ना?” मावशींनी गल्लीतली कित्येक बाळं न्हाऊ-माखू घातली होती. त्या टाळू भरायला लागल्या की रडणारं बाळही डोळे मिटून घेतं, असं बायका म्हणत. पण लेकीला त्यांनी अजून हो म्हटलं नव्हतं. “हात माझा होऊ दे, मग बघू,” एवढंच.

“अजून होतीय बघा गुदगुली,” आता मावशी म्हणाल्या. “परकाच हाय ह्यो हात. पोरीला तुम्हीच सांगा.”

“सांगते. पाय जरा इकडे द्या.”

नीलोफरने स्वतःचं बोट त्यांच्या तळव्यावरून ओढलं मात्र, अंगठा गर्रकन वळला, पाऊल उडालं, खुर्ची करकरत मागे सरकली.

“अगं बया! सोडा ओ! वयाचा तरी मान राखा!”

हसता हसता त्यांना ठसका लागला. नीलोफरही हसली. मग तिने ते पाऊल हळूच खाली ठेवलं.

“मावशी, हे हसू आणि मघाचं हसू एका घरचं नाही.”

मावशींनी पदराने डोळे पुसले. जरा जास्तच वेळ पुसले.

“कधीपासून होत नाही गुदगुली?”

“मागच्या खेपेपासनं.” त्या हाताकडे बघत म्हणाल्या, “भाकरी थापत होते. चार-पाच झाल्यावर ध्यानात आलं, ह्या हाताची मला आठवणच राहिली नव्हती.”

वर्षभर नीलोफर याच वाक्याची वाट बघत होती. तिला वाटलं होतं, ते ऐकताना दोघींनाही आनंद होईल.

“मग लपवलंत का?”

“परका हाय तवर बरं असतंय, मॅडम. कप फुटला, हातानं फोडला. एकदा का माझा झाला, की चुकलं ते माझं चुकलं.” त्यांनी संवेदी हाताचा तळवा उलटा करून पाहिला. “आन् टाळूखाली हाड नसतंय. नुसती धकधक लागते हाताला. तिथं चुकून कसं चालंल?”

हा हात किती दाब देतो, कुठे थांबतो, याचे सगळे आकडे नीलोफरजवळ होते. तिने ते सांगितले नाहीत.

“तिथे दाबायचं नसतंच, मावशी. तेल नुसतं टेकवायचं.”

“ते मला सांगता व्हय?” मावशी एकदम तडकल्या. “दाबतंय कोण? फुलाला हात लावावा तसं लावायचं असतंय.”

“चुकले. पहिल्यांदा लावलंत तेव्हा भीती नव्हती वाटली?”

“नसंल व्हय! जन्मापासनंचा हात, तरी...” त्या मध्येच थांबल्या. आपलंच बोलणं आता ऐकू आल्यासारखं त्यांनी हाताकडे पाहिलं.

दार ढकलून समीक्षा आत आली, एक हात कमरेवर ठेवून.

“काय चाललंय दोघींचं? बाहेर सगळे कान देऊन बसलेत.” मग तिच्या लक्षात आलं, आणि आवाज खाली आला. “हसत होतीस, म्हणजे अजून नाहीच ना?”

नीलोफरने पडद्याकडे तोंड वळवलं. सांगणं तिचं काम नव्हतं.

“असू दे मम्मी. मी शिकते व्हिडिओ बघून. तेल कोमट करायचं, एवढं तर आलंय मला.”

“व्हिडिओ बघून न्हाऊ घालतीस? पोरगं पायांवरनं निसटंल तुझं.”

“मग काय करू? बाई लावू?”

मावशी उठल्या. घामाने लेकीच्या कपाळाला चिकटलेली बट त्यांनी मागे सारली, उजव्या हाताने. ती सारून झाल्यावरच त्यांचं स्वतःच्या बोटांकडे लक्ष गेलं.

“गुदगुली कवाच थांबलीया. मी खोटं हसले,” त्या म्हणाल्या. समीक्षा काही बोलणार, तोच त्यांनी तिला थांबवलं. “बाळाला न्हाऊ मीच घालणार. टाळू बी मीच भरणार, ह्याच हातानं. भीत भीत भरली, तर चालंल का तुला?”