शिमग्यापुरतं ठरलेलं लग्न

“आई गं!” आवडी कळवळली.

महाडहून आलेली एस.टी. पोलादपूरला थांबली होती. टपावरचं सामान उतरत होतं आणि एक हिरवी पत्र्याची ट्रंक निसटून सरळ तिच्या पावलावर आदळली होती. ट्रंकेमागून एक उंच, सावळा तरुण धावत आला. अंगात इस्त्रीचा शर्ट, कपाळावर घाम, आणि चेहरा असा, की जणू पाय त्याचाच मोडलाय.

“लागलं काय गो? लय लागलं?”

“नाय, गुदगुल्या झाल्या!”

तो हसला. हसायला नको होतं हे त्यालाही कळलं, पण हसू काही आवरेना. आवडीने रागाने मान फिरवली… आणि समोरून गोदूबाई मावशी येताना दिसली. मावशीबरोबर फेटा बांधलेला एक माणूस होता — हैबती. पोलादपुरात त्याचं चहाचं हॉटेल होतं, बायको वारली होती, आणि मावशीने आवडीसाठी हेच स्थळ काढलं होतं. आज बघणं, शिमग्यात सुपारी.

आवडी डोंगरावरच्या कुडपण गावातल्या कुशाबांची मुलगी. महाडच्या दवाखान्यात ती सुईणीचं काम शिकत होती. परीक्षा अजून व्हायची होती. तिची धाकटी काकी बाळंतपणात अडली, तेव्हा तिला डोलीत घालून डोंगरावरून खाली आणता आणता ती वाटेतच गेली. तेव्हापासून आवडीने हे शिक्षण मनात धरलं होतं. हैबतीच्या घरात गेल्यावर कसली परीक्षा आणि कसलं काय!

मावशी जवळ आली. आवडीचं डोकं चालेना, तोंड मात्र चाललं.

“मावशी… माझं ठरलंय.” तिने ट्रंकवाल्याकडे बोट केलं. “ह्यांच्याशी.”

तरुणाचं हसू जागच्या जागी थांबलं. त्याने आवडीकडे पाहिलं. तिने पदर मुठीत घट्ट धरला होता आणि डोळे काठोकाठ भरले होते. एवढंच त्याने पाहिलं, आणि वाकून मावशीच्या पाया पडला.

“मी दत्ताराम. घाटाच्या पायथ्याच्या वाडीतला, मुंबईला गिरणीत असतो. घरी सांगायचं ऱ्हायलंय, मावशी… शिमगा झाला की आई येणारच होती तुमच्याकडं.”

हैबतीने दोघांना खालून वर न्याहाळलं. “मग मला कशाला उन्हात आणलंत?” एवढं बोलून तो आपल्या हॉटेलाकडे निघूनही गेला.

डोंगराची वाट लागली. मावशी रागाने पुढे झपाझप चालत होती. मागे लंगडत आवडी, आणि तिच्या मागे ट्रंक डोक्यावर घेतलेला दत्ताराम. वाटेच्या कडेला काटेसावर लालभडक फुलली होती.

“तुमी… होय का म्हणालात?” आवडीने हळूच विचारलं.

“तू रडली असतीस.”

“मी रडत नाय.”

“मग पाय दुखत असंल.”

तोच पुढे म्हणाला, “आणि खरं सांगू? माझा पण फायदा हाय. दर शिमग्याला आई मला गावोगाव पोरी बघायला फिरवते. गेल्या साली एवढा गुळाचा चहा प्यालो, की परत गिरणीत गेलो तरी तोंड गोडच होतं.”

आवडीने ओठ दाबून धरले. हसायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.

हैबतीचं स्थळ, परीक्षा, सगळं त्याला सांगून ती म्हणाली, “शिमग्यापुरतंच हां.”

“शिमग्यापुरतंच. मुंबईला गेलो की निरोप धाडीन, जमत नाय म्हणून. दोष माझ्यावर.”

“आणि मला हात लावायचा नाय.”

“ट्रंक लावली तेवढी पुरे.”

आता मात्र ती खळखळून हसली. पुढे मावशीने मागे वळून “श्श!” केलं.

कुशाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते गोठ्याकडे वळले. आवडीची आई तुळजाबाई मात्र खूश झाली. दत्ताराम रोज सांजेला वर येऊ लागला. पहिल्यांदा आला तो पायाला लावायला मलमाची डबी घेऊन. मग कुशाबांच्या गोठ्याचा मोडलेला दरवाजा बसवायला. मग… कारण सांगायचंही त्याने सोडून दिलं.

“रोज कशाला येता?” पाणवठ्यावर आवडीने त्याला गाठलं. “लोकांनी एकदा बघितलं म्हंजे झालं की.”

“कुणाला नीट दिसलं नसंल तर?”

“तुमी ना…”

“गिरणीत यंत्रांचा एवढा आवाज असतो,” तो कळशी तिच्या हाती देत म्हणाला, “की आमी नुसते ओठ बघून बोलतो. कोण काय म्हणालं ते लांबून समजतं.”

“असं? मग सांगा.” आवडीने आवाज न काढता ओठ हलवले.

त्याने डोळे बारीक केले. “माकड.”

ती चकित झाली, आणि मग त्याच्याकडे बघायचंच टाळत घरी गेली. वाटेत कळशीतलं अर्धं पाणी सांडलं, ते तिला दारात पोचल्यावर कळलं.

शिमग्याची पालखी गावात फिरली, तेव्हा दत्ताराम खांदा द्यायला होता. गुलालाने माखलेला, घामाने निथळणारा. ढोलांच्या दणदणाटात त्याने गर्दीपलीकडून आवडीकडे पाहिलं आणि ओठ हलवले. आवडीला ओठ वाचता येत नव्हते. तरी तिचे कान तापले. खोट्याचं हे असं काय होतंय… तिने स्वतःलाच विचारलं, आणि उत्तर यायच्या आत आईच्या मागे लपली.

पालखी कुशाबांच्या अंगणात टेकली. तेवढ्यात दत्तारामची आई बयाबाई नारळ आणि हिरवा खण घेऊन वर आली, घाट चढून धापा टाकत.

“शिमगा सरायची वाट कशाला बघू? देवी दारात हाय. आत्ताच ओटी भरते पोरीची. लग्न ह्या चैत्रात!”

आवडी आईच्या मागून पुढे झाली. चैत्रात! परीक्षा तर चैत्रातच होती. तिने दत्तारामकडे पाहिलं. तो गप्प राहिला असता, तर त्याला हवं ते मिळालं असतं — हवं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर लख्ख दिसत होतं. तो पुढे झाला.

“आई, थांब. हे खोटं हाय.”

ढोल थांबले. दत्तारामने सगळं सांगितलं — स्टँड, हैबती, परीक्षा. आवडी मान खाली घालून उभी होती.

“आवडे,” कुशाबा म्हणाले, “मला का नाय सांगितलंस?”

“मावशीनं तुमचा होकार घेतला होता, बाबा. वाटलं, तुमी नाय ऐकणार…”

कुशाबांनी डोक्यावरची टोपी काढली. “काकीला नेली तेव्हा डोलीचा दांडा माझ्या खांद्यावर होता, पोरी. मला नाय कळणार? तू परीक्षा दे. कोण आडवा येतो बघू.”

आवडीच्या डोळ्यांतून आता खरोखरच पाणी वाहू लागलं.

बयाबाई मात्र नारळ हातात घेऊन तशीच उभी होती. ती लेकाकडे वळली. “खोटं होतं ना रे? मग रोज सांजेला हा चढ कशाला चढत होतास?”

अंगणभर हसू फुटलं. गुलालातही दत्ताराम लाल झालेला दिसला.

“ते… ते खोटं नव्हतं.” तो आवडीकडे वळला. “तुझी परीक्षा होऊ दे. मग विचारीन. तोवर थांबतो.”

“आत्ता विचारा,” आवडी म्हणाली. तिचा तिलाच धक्का बसला, पण शब्द मागे घ्यावेसे वाटेनात. “लग्न परीक्षेनंतर. पण विचारायचं आत्ता. आणि मी मुंबईला येणार नाय. माझं काम हितं, डोंगरात.”

“म्हंजे सून माझ्यापाशीच ऱ्हाणार?” बयाबाईचा चेहरा उजळला. “विचार रे लवकर!”

दत्तारामने दोनदा घसा साफ केला. “आवडे… करशील माझ्याशी?”

पुढे होऊन तिने ओटी घ्यायला बयाबाईसमोर पदर पसरला.

परीक्षेत आवडी पास झाली, आणि वैशाखात कुडपणच्या त्याच डोंगरावर मांडव पडला. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट खाली गेला. नवरीने अशा वेळी नजर खाली ठेवायची असते. आवडीने ठेवली नाही. डोळे भरून, सरळ, सगळ्या वऱ्हाडासमोर तिने दत्तारामकडे पाहिलं… आणि लाजून मान खाली घातली ती बिचाऱ्या नवऱ्याने.