डाव्या चाकावरचं वजन

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर जुनी वर्तमानपत्रं पसरून मी चाकं घासत बसायचो. सत्त्याण्णव साल, बनशंकरीतलं भाड्याचं घर. ऑफिसातल्या एकाने अमेरिकेहून जुन्या फियाटचा किट आणला होता, तळहातात मावणारी प्लास्टिकची गाडी. त्यातून बाबांची पुण्यातली, केव्हाच विकलेली क्रीम फियाट करायची होती. बाकी सगळं जमत होतं, पण चाकं भलतीच, शर्यतीच्या गाडीची निघाली. मग ती मीच करायला घेतली. पाइपच्या चकत्या कापायच्या, त्यांना चंदेरी रंग द्यायचा, त्यावर काळ्या रबराचा टायर चढवायचा. शेवटी प्रत्येक टायर खालून पॉलिश पेपरवर थोडा सपाट करायचा. तसं केलं की गाडी वजन टाकून उभी आहे असं वाटतं, नाहीतर खेळणंच दिसतं.

बाबा शेजारी काठी धरून बसलेले असायचे.

"निहार, आज येलहंक्याला जाऊया का रे?"

येलहंक्याला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, कौशल्याआत्या होती, बाबांची धाकटी बहीण. तिला पोटाचा कॅन्सर झाला होता आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. कमरेचं हाड मोडल्यापासून बाबांना रिक्षात चढता येत नव्हतं. मारुती खाली उभीच होती. म्हणजे खोळंबा माझ्यामुळेच.

"पुढच्या रविवारी नक्की," मी म्हणायचो. "तुमचीच गाडी करतोय ना, बाबा."

लाज वाटायची, नाही असं नाही. पण आत्याच्या खोलीतला औषधांचा वास आणि तिचं ते टक लावून बघणं मला सोसायचं नाही. "खोटी गाडी करत बसण्यापेक्षा खरी काढ," असं सुचेता, माझी बायको, एकदा म्हणाली, तर मी दिवसभर तिच्याशी बोललो नाही.

गाडी पुरी झाली आणि शोकेसमध्ये गेली. काही दिवसांनी ऑफिसातून आलो, तर पुढचं डावं चाक दबलेलं दिसलं. मी घासलं होतं त्याहून सपाट, बाजूने फुगलेलं, शेजारच्या सीटवर माणूस बसल्यावर फुगतं तसं. उन्हाने रबर मऊ पडलं असेल, असं म्हणून मी नवा टायर चढवला. तोही दबला. गाडी उचलून पाहिली, तर नेहमीसारखी हलकी. टायरच्या खाचांत तांबडी माती होती. ती मी ब्रशने झाडून टाकली आणि कुणाला बोललो नाही.

त्याच सुमारास बाबांनी येलहंक्याचं नाव काढणं सोडलं. मला सुटल्यासारखं वाटलं. काय म्हणावं मला!

एका संध्याकाळी ते म्हणाले, "कौशीचे हात फार गार पडलेत रे."

"फोन आला होता का?"

"फोन कशाला यायला हवा?"

घरमालकीण शिवलीलाअक्का खालीच राहायच्या, मूळच्या बेळगावच्या. बाबा बाहेर गेले होते का, असं त्यांना विचारलं.

"कुठं जातीत हो? दुपारभर निजलेत की. मी दोनदा बघून आलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी उजवं चाकही दबलेलं होतं. ड्रायव्हरच्या बाजूचं.

मी रजा टाकली. बाबांना धरून जिना उतरवला आणि मारुतीत बसवलं.

"परत?" बाबा म्हणाले.

मी गाडी सुरू केली.

आत्याच्या दारात चपलाच चपला होत्या. ती पहाटेच गेली होती.

तिची मुलगी अंजली बाबांच्या गळ्यात पडून रडली. मग माझ्याकडे वळली.

"फार बरं केलंस, रोज मामाला घेऊन येत होतास. त्याचा हात धरला की आईला झोप लागायची."

मी बाबांकडे पाहिलं.

"पण तू एकदाही उतरला नाहीस, निहार. ती जुनी फियाट अजून ठेवलीयस, ते मला माहीतच नव्हतं. काल मी चहा घेऊन काचेशी उभी राहिले. तू समोर बघत बसलास. काचसुद्धा खाली केली नाहीस."

"असू दे गं," बाबा म्हणाले. "आणलंन ना मला. तेवढं पुष्कळ झालं."

खोलीतली सगळी माणसं माझ्याकडे मायेने बघत होती.

"हो," मी म्हणालो.