कॅमेऱ्यात काय काय नाही

तो दुकानात शिरला तेव्हा त्याच्या कडेवर चादरीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. मी चष्म्यावरून बघत म्हटलं, "मुलांचे डॉक्टर वरच्या मजल्यावर."

"बाळ नाही हो हे," तो हसला. "माझ्या बाबांपेक्षाही वयाने मोठंय."

त्याने चादर सोडली आणि मी खुर्चीतून उठलेच. मोठ्या प्लेटचा लाकडी कॅमेरा! पितळी कोपरे, मधे काळा भाता... मामाच्या या दुरुस्तीच्या दुकानात मी कॉलेज संपल्यापासून बसते. पण असला कॅमेरा तोवर फक्त मामाच्या गप्पांतच भेटला होता.

"चालू होईल?"

"आधी काय काय नाही ते बघू."

मी बोटांनी चाचपत गेले. लेन्स जागेवर होती. मागच्या चौकटीत मात्र नुसतीच पोकळी. "घाशीव काच नाहीये. जिच्यावर चित्र उलटं पडतं ना, ती."

"उलटं म्हणजे?"

"डोकं खाली, पाय वर."

"मग तुम्ही त्यात कशा दिसाल?"

"काच शोधून आणा, मग बघा."

मामा आतून खाकरला. मामाचं खाकरणं म्हणजे अख्खं वाक्य असतं.

काच त्याला पिठाच्या डब्यात सापडली. कशी गेली तिथे, विचारलं तर म्हणाला, "आमचं घर जरा... वेगळं आहे." घरात तो आणि बाबा, दोघंच. बाबांनी आयुष्यभर याच कॅमेऱ्यावर लोकांचे फोटो काढलेले.

मी काच बसवायला घेतली आणि थांबले. पुढची चौकट जिने घट्ट होते ती पितळी खुंटी आता गायब होती.

"ही गेल्या वेळी होती."

"होती का?" त्याने नजर चुकवली. कान लाल झाले होते.

मी दिव्याखाली बघितलं. पार्ट हरवून वर्षं झाली की त्याची जागा काळवंडते, भोकात धूळ बसते. इथलं पितळ तर लखलखत होतं. खुंटी काल-परवाच कुणीतरी हाताने सोडवली होती. आणि घरात माणसं दोनच, त्यातला एक म्हातारा...

म्हणजे हा... पुन्हा यायला मिळावं म्हणून?

त्या दिवशी मी मामाचा चहा मिठाचा केला.

मग दर खेपेला काही ना काही नसायचंच. कधी काचेची स्प्रिंग, कधी भाता धरणारी पट्टी. सापडलेलं मी बसवायची, तोवर दुसरंच गेलेलं.

"आज काय हरवलंय?"

"तूच ओळख ना." 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. मी ओळखायची, तो टक लावून बघत राहायचा. कॅमेऱ्याकडे नव्हे.

मामा म्हणाला, "या गिऱ्हाइकाचा कॅमेरा बरा व्हायचं नाव घेत नाही. आणि तूसुद्धा."

एका दुपारी सगळे पार्ट प्रथमच एकत्र जमले. मी कॅमेरा रस्त्याकडे वळवला, काळं कापड डोक्यावर घेतलं आणि त्याला आत बोलावलं. काचेवर रस्ता उलटा तरंगत होता. छताला चिकटून एक सायकलवाला गेला. कापडाखाली याचा खांदा माझ्या खांद्याला टेकला... त्याने तो काढून घेतला नाही.

"एक सांगू?" मी कुजबुजले. "स्क्रू कोण काढतं, ते मला कळलंय."

"कधीपासून?"

"केव्हाचंच. तू स्वतःहून सांगशील म्हणून थांबले."

"कसं सांगणार गं?" तो म्हणाला. "बाबांना समोर उभा मी कोण आहे ते आठवत नाही, पण हातांना सगळं आठवतं. पेचकस लपवला तर चमच्याने उघडतात. मग काढलेलं कुठे ठेवलं ते सापडत नाही आणि लहान मुलासारखे रडतात. कॅमेरा पुरा असला, की या कापडाखाली शांत बसून राहतात. तेवढ्यासाठी तर मी..." तो थबकला. "तुला काय वाटलं होतं?"

बरं झालं, आत अंधार होता.

"काही नाही."

पण तो समजला. मग अगदी हळू म्हणाला, "मला सुचायला हवं होतं ते."

त्यानंतर तो आला तो एवढंच सांगायला, की एकट्याने बाबांना सांभाळणं होत नाही. दोघं त्याच्या थोरल्या बहिणीकडे राहायला चाललेत, दुसऱ्या शहरात. "निघायच्या आधी घरी येऊन एकदा नीट बसवून देशील?"

मी त्यांच्या घरी गेले. घरभर खोकी. कॅमेरा खिडकीशी उभा. मी एकेक स्क्रू आवळत गेले आणि शेवटी न राहवून म्हटलंच, "मला येतेस का म्हणून विचारलंसुद्धा नाहीस."

तो खोक्याला सुतळी बांधत होता. "विचारलं तर तू हो म्हणशील. म्हणून नाही विचारत."

"माझं तू कोण ठरवणार?"

"बाबा मला कधी चोर समजतात. अंगावर धावून येतात. तुला कशाला त्यात ओढू?"

"मी केलं असतं सगळं."

"तेच तर," तो म्हणाला आणि दाताने सुतळी तोडली.

मला रडू यायला हवं होतं; आला तो राग. माझ्या भल्याचा एवढा विचार करणारा माणूस मला एकदाही काही विचारत नव्हता.

एवढ्यात बाबा बाहेर आले. सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली. त्यांनी कॅमेऱ्यावरून हात फिरवला, कापडाखाली शिरले, खूप वेळ तसेच उभे राहिले. मग डोकं बाहेर काढून माझ्याकडे बोट दाखवलं.

"ही कोण रे?"

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने सुतळीचं बंडल खाली ठेवलं.

"दुरुस्तीवाल्या ताई आहेत, बाबा."

"बसा ताई," बाबा अदबीने म्हणाले. "चहा घेऊन जा."

मी बसले. चहा त्यानेच करून आणला. कप माझ्यापुढे धरला आणि खाली बघत म्हणाला, "घ्या."