दाढेतली पार्सली

तो पहिल्यांदा आला तेव्हा एका हाताने गाल असा सांभाळत होता, की जणू कुणाचं तान्हं मूलच उचलून आणलंय. दवाखान्याच्या दाराशी नंबर देणाऱ्या मावशीने नाव विचारलं, तर तो एवढंच म्हणाला, "दाढ." मावशीने वहीत तेच लिहिलं.

डॉक्टरीणबाईने त्याला खुर्चीत आडवं केलं, दिवा खाली ओढला, छोटा आरसा तोंडात घातला... आणि तिला दाढेआधी दिसलं एक पान. हिरवंगार, कुरळ्या कडांचं, पुढच्या दोन दातांच्या फटीत नवरदेवासारखं ऐटीत उभं.

"कोथिंबीर का?"

"आआ," तो म्हणाला.

कीड दाढेच्या आतल्या नसेपर्यंत पोचली होती. पाच खेपा लागणार होत्या. तो पलीकडच्या गल्लीतल्या सहा टेबलांच्या खानावळीचा आचारी, आणि त्याच्या लसणाच्या सुपासाठी लोक रांग लावतात, ही बातमी मावशीने संध्याकाळपर्यंत काढलीच.

डॉक्टरीणबाईला एक खोड होती. समोरच्याचं तोंड उघडलं, की तिचंही उघडायचं. कापूस, नळी, आरसा सगळं आत कोंबून झालं की ती प्रश्न विचारू लागे. बाकीचे लोक डोळे मिटून घेत. हा मात्र टक्क डोळ्यांनी ऐकायचा. हसण्याजोगं असलं की त्याचे डोळे हसायचे, नसलं की भुवई हलायची. मग तिचे प्रश्न दाढेवरून घसरत कुठल्या कुठे गेले. कुठल्या कुशीवर झोपता? समुद्र पाहिलाय? मांजर पाळलंय? तिसऱ्या खेपेला तर तिने आपलंच सांगून टाकलं, की बाबा गेल्यापासून ती ओट्यापाशी उभ्याउभ्याच पावाचा तुकडा खाते, ताट म्हणून वाढून घेत नाही. आणि मग सहज विचारावं तसं विचारलं, "तुम्हाला आवडतं का, एकट्याने जेवायला?"

"आ... आआ," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत काहीतरी होतं, पण तेवढ्यात नळी गुरगुरली.

आणि दर खेपेला ते पान. ती चिमट्याने अलगद काढायची, ट्रेच्या कडेला ठेवायची, आणि तो गेल्यावर मावशीपाशी कुरकुरायची, की दाताच्या डॉक्टरकडे येताना माणसाने दात घासू नयेत म्हणजे काय.

"दात घासलेले असतात गं," मावशी मान वर न करता म्हणायची. "पान त्यानंतरचं आहे."

पाचव्या खेपेला दाढेवर टोपी बसली. बसली ती अशी घट्ट, की डॉक्टरीणबाई हिरमुसली. धडधाकट दाढेचा माणूस इथे कशाला येईल? तिने आरसा पुन्हा आत घातला. वरची रांग पाहिली, खालची पाहिली. हरवलेली कुडी शोधावी तशी एखादी बारीकशी कीड शोधली. एकही नाही. 'इथे जरा शंका वाटते,' एवढं म्हटलं की झालं असतं. ते वाक्य अगदी ओठांवर आलं... आणि तिने गिळलं.

"झालं," ती म्हणाली. "मिटा तोंड."

त्याने चूळ भरली, पण उठला नाही.

"उजव्या," तो म्हणाला.

"काय उजव्या?"

"कुशीवर झोपतो. पहिल्या दिवशी विचारलं होतंत. समुद्र एकदाच पाहिला, लहानपणी. बराचसा पोटात गेला. मांजर नाही, पण एक आहे ते मला पाळल्यासारखं वागवतं. एकट्याने जेवायला आवडत नाही. आणि ती कोथिंबीर नव्हे, पार्सली. दिसते तशीच, पण विलायती."

डॉक्टरीणबाईच्या हातातला चिमटा तसाच राहिला. पाच खेपांची बडबड या माणसाने गालात जपून ठेवली होती.

"मग ती पार्सली दर वेळी दातात का?"

तो लाजला. मोठ्या हातांचा माणूस लाजला की हात कुठे ठेवू असं त्याला होतं. "दिवसभर लसूण सोलतो मी. आणि तुम्ही वीतभर अंतरावर. पार्सलीने वास मरतो म्हणे, म्हणून खानावळीपासून चावत येतो."

तिने तोंडावरचा मास्क खाली ओढला. "हा असला की मला कुणाचाच वास येत नाही."

तो मास्ककडे पाहत राहिला. "म्हणजे पाच जुड्या..."

"वाया नाही गेल्या," बाहेरून मावशीचा आवाज आला.

त्याच संध्याकाळी डॉक्टरीणबाई खानावळीत बसून जेवली. लसणाचं सूप, लोण्यात परतलेले बटाटे आणि वरून पार्सली — चिमूटभर नव्हे, मूठभर. तो समोर खुर्ची ओढून बसला, तिने मोठा घास तोंडात घालेपर्यंत थांबला, आणि मग विचारलं,

"रोज याल का? म्हणजे... आपल्या दोघांचे दात पडेपर्यंत?"

"आआ," ती म्हणाली.

"हो समजू?"

तिने मान डोलावली आणि ती हसली. त्याने चमचा पुसला आणि उलटा करून आरशासारखा तिच्यापुढे धरला. पुढच्या दोन दातांच्या फटीत एक कुरळं हिरवं पान उभं होतं.

तो टूथपिक शोधायला उठला, तर तिने त्याची बाही धरली.

"घाई नको," ती म्हणाली. "याला बऱ्याच खेपा लागतील."