त्या गोलात कोण पडलं होतं?

विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. पण यातला एक शब्दही माझ्या मनचा नाही. लेक झोपलीय तेवढ्यात लिहून काढते.

नऊ डिसेंबर, शनिवार. संध्याकाळी साडेसहा. नगर-मनमाड रस्त्यावरचं एक लॉन्स.

जिथं एरवी लग्नं लागतात, तिथं त्या दिवशी हेवी मेटलचा कार्यक्रम होता. माझ्या धाकट्या भावाच्या बँडचा.

दानीएल बास गिटार वाजवायचा.

ऑगस्टमध्ये तो गेला.

राहुरीहून येताना पावसात गाडी घसरली. चाळीस मिनिटं रस्त्यावर पडून होता. गाड्या जात राहिल्या. कोणी उचललं नाही.

दफनाच्या वेळी पाळकसाहेब मला म्हणाले, "बाळा, तो पडला त्याच क्षणी प्रभूच्या कुशीत गेला. त्याला काही कळलंच नाही."

त्या एका वाक्यावर मी घास गिळत होते.

बँडचा गायक रविराज घरी बोलवायला आला. "ताई, तुम्ही यायचंच. त्याची जागा रिकामी ठेवणारोय." सहा महिन्यांच्या लेकीला सासूबाईंपाशी ठेवलं आणि दोन तासांच्या बोलीवर निघाले.

गेटवरचे छगनकाका कपाळाला हात लावून बसले होते. "ताई, लई लग्नं पाह्यली म्या हितं. पन एवढं भांडान कुठल्याच लग्नात न्हाई झालं!"

मी हसले. चार महिन्यांत पहिल्यांदा.

आवाज कानात नाही, छातीत वाजत होता. समोर पोरांनी मोकळा गोल केला आणि एकमेकांना धडका देत पळायला लागली. सगळी काळ्या टी-शर्टातली. मला तर भीतीच वाटली.

चौथं गाणं चालू होतं...

आणि गोल थांबला.

पोरांनी हात पसरून मागच्यांना अडवलं. रविराज गाता गाता गप्प झाला. ड्रम बंद.

मधोमध चार पोरं खाली वाकली होती. काखेत हात घालून त्यांनी कोणाला तरी उचललं.

पण त्यांच्या हातात...

कोणीच नव्हतं.

मी अगदी पुढे उभी होते. स्वच्छ दिसत होतं. ओझ्यानं त्यांच्या मनगटाच्या शिरा ताणल्या होत्या. एकानं तर हवेतच कोणाची तरी पाठ थोपटली.

त्याच वेळी मला दूध उतरलं. लेक रडली की उतरतं, तसं. कुर्ता भिजला.

लेक तर बारा किलोमीटरवर होती.

गाणं पुन्हा सुरू झालं. चौघांतल्या एकाला मी हाताला धरून बाजूला घेतलं. समर्थ नाव, देवळाली प्रवऱ्याचा.

"कोण पडलं होतं रे?"

"होता एक जण. इथं तसंच असतं ताई. कोणी पडलं की सगळ्यांनी थांबायचं. आधी उचलायचं, मग बाकीचं."

"कसा होता दिसायला?"

"चेहरा नाही बघितला. पण लई जड होता. आणि पार भिजलेला."

त्यानं हात पुढे केले.

तळव्यांना ओला चिखल होता...

डिसेंबरात. कोरड्या लॉनवर.

"काही बोलला?"

समर्थ घुटमळला. "म्हणाला, कधीचा हाका मारतोय. मी म्हटलं, आत्ताच तर पडलास, भावा."

मी पुढचं काही विचारलं नाही. गर्दीत त्याला शोधलंही नाही. ओढणी घट्ट लपेटून बाहेर आले.

रविराज अजून म्हणतो, "ताई, शेवटी आपल्या पोरांनीच उचललं की नाही त्याला? आता रडू नका."

मलाही तसंच मानायचंय.

पण लेकीला पाजताना मन तिथंच जातं. कधीचा हाका मारतोय... म्हणजे कधीपासून? पाळकसाहेब तर म्हणाले होते, त्याच क्षणी.

ऑगस्ट ते डिसेंबर मी त्याच रस्त्यानं माहेरी गेले. चार वेळा. तो पडला होता ते वळण आलं की मी डोळे मिटून घ्यायचे.

एकदाही गाडी थांबवली नाही.