खिडकीतली जोडी

नाताळाआधीच्या चार रविवारांतला पहिला उद्यावर आला होता, आणि आल्मुटची पुढची खोली जवळजवळ सजून झाली होती. लाइपझिगच्या एका संग्रहालयात जुने लाकूडसामान दुरुस्त करण्यात बारा वर्षे गेलेले तिचे हात. कोणती वस्तू कुठे ठेवली की बोलू लागते, हे त्यांना डोळ्यांआधी कळे. फडताळात तांब्याचे केकचे साचे उतरत्या आकाराने लागले होते. हिरव्या फरशांच्या उंच शेगडीजवळ एक शंभर वर्षांपूर्वीचा पाळणा होता. त्यात तिने देवदाराची बोंडे भरली होती. तुळईवरून तिने स्वतः केलेले तारे लोंबत होते: गव्हाची काडे भिजवून, चपटी करून, लाल दोऱ्याने बांधलेले. सुकवलेल्या संत्र्याच्या चकत्यांचा मंद वास सगळीकडे पसरला होता.

राहिली होती ती फक्त रस्त्याकडची खिडकी.

त्या डोंगरी खोऱ्यात खिडकी ही नुसती शोभेची जागा नव्हती. घरात मुलगी असेल तर खिडकीत मेणबत्ती धरलेला लाकडी देवदूत, मुलगा असेल तर मेणबत्ती धरलेला लाकडी खाणवाला. जितकी लेकरे तितके दिवे. पूर्वी खाणीतून अंधारात परतणारा बाप रस्त्यावरूनच आपले दिवे मोजत येई. खाणी बंद पडून पिढ्या लोटल्या. मोजण्याची सवय मात्र कुणाची गेली नव्हती.

आल्मुटला ठाऊक होते ते एवढेच, की गुरुवारी तिच्या हाती लागलेली जोडी अप्रतिम होती. वरच्या आळीतल्या नव्वदीच्या माइनर्टबाई वारल्या होत्या आणि राइनहोल्ट नावाचा माणूस त्यांचे घर रिकामे करत होता. एक देवदूत, एक खाणवाला. लिंडनच्या झाडाचे बारीक पोताचे लाकूड, अंगावर मूळचाच रंग, आणि चेहरे इतके निवांत की जणू आत्ताच त्यांना कुणी हाक मारली होती आणि उत्तर द्यायची त्यांना घाई नव्हती.

"दोन्ही एकदमच न्या," राइनहोल्ट म्हणाला होता. "ताटातूट नको."

"बाईंना मुलंबाळं नव्हती का?"

"होती की. दोन. आर्नो आणि लिडी. लहान आहेत अजून." मग तो स्वतःच थबकला, त्याच्या कपाळावर आठी आली. "मयताला मात्र दिसली नाहीत. आणि बाई तर नव्वदीच्या... जाऊ द्या. माळ्यावर डब्यात अजून एक होता, एकटाच खाणवाला. ओबडधोबड, कीड लागलेला. सकाळी शेगडीत घातला. वीतभर तुकडा, पण काय तडतडला म्हणून सांगू."

माणूस सकाळीच प्यालेला असावा, असे आल्मुटने ठरवले होते.

आता ती जोडी खिडकीच्या पाटावर ठेवत असताना टिल्डा दारात उभी होती. टिल्डा नऊ वर्षांची. आल्मुटच्या नवऱ्याची, फाल्कची, पहिल्या, वारलेल्या बायकोपासूनची मुलगी. तिच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेले काहीतरी होते.

"हे कुणाचे?" तिने विचारले.

"आपले."

"म्हणजे कुणाचे? आपल्याकडं मुलगा नाही."

आल्मुटचा हात क्षणभर थांबला. चार महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी तिला जे सांगितले होते, ते टिल्डाला माहीत नव्हते. तुम्हाला मूल होणार नाही. एवढे सरळ वाक्य. दोन वर्षे एका छपराखाली राहून ही मुलगी तिला अजून 'आल्मुट' म्हणत होती, आणि जगात तिला 'आई' म्हणणारे दुसरे कुणी येणार नव्हते.

टिल्डाने कागद सोडला. आतला देवदूत बुटका होता. एक पंख सरसाने चिकटवलेला, नाक उडालेले, डोळे दोन दिशांना.

"ह्याला इथं ठेवायचं? सोनाराच्या दुकानात शेणी थापल्यासारखं दिसेल."

"आजोबांनी कोरलाय. मी झाले त्या दिवशी."

"मग त्या दिवशी आजोबांनी चष्मा लावायला हवा होता."

आरामखुर्चीतून फाल्क हसला. लहानसेच हसू, टिल्डाकडे पाहताच त्याने ते आवरले. "एकच वर्ष, टिल्डे. वर्षानं काय होतंय? आल्मुटनं किती खपून केलंय सगळं, बघ."

"मग मी खिडकीत नाही," टिल्डा म्हणाली. तक्रार नव्हती, नुसतेच सांगणे होते.

"घोडी झालीस आता. खिडकीत बसायचं वय गेलं तुझं," आल्मुट म्हणाली.

बुटका देवदूत टोपीच्या गोल पेटीत गेला आणि पेटी माळ्यावर. चार वाजता अंधारले, तेव्हा आल्मुटने जोडीच्या मेणबत्त्या लावल्या आणि रस्ता ओलांडून पलीकडून पाहिले. बर्फ, काळे छप्पर, आणि मधोमध ती सोनेरी चौकट. आयुष्यात पहिल्यांदाच तिला एखादे घर आपले वाटले.

सोमवारी पाववाल्या हाउस्टाइनबाईंनी तिच्या पिशवीत आल्याचे दोन केक टाकले. "एक मुलाला, एक मुलीला."

"आमच्याकडं एकच आहे, बाई. टिल्डा."

हाउस्टाइनबाईंनी काचेतून समोरच्या, आल्मुटच्याच खिडकीकडे पाहिले, मग तिच्याकडे. "दोन दिवे लागलेत ना पण," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

त्याच आठवड्यात टिल्डा एकदा शाळेच्या वेळी घरी परत आली. "बस थांबली नाही."

"रस्त्याला जरा पुढं होऊन उभी राहा."

"पुढंच होते. चालकानं बघितलंसुद्धा."

सहा डिसेंबरच्या पहाटे संत निकोलस मुलांच्या बुटांत खाऊ ठेवून जातो. टिल्डाने आदल्या संध्याकाळी आपले बूट पुसून उंबऱ्यावर ठेवले होते. सकाळी ते रिकामे होते. शेजारी आणखी दोन जोड होते: जुन्या घाटाचे, तळाला खिळे ठोकलेले, बर्फाने ओले, आणि ते अक्रोडांनी, सफरचंदांनी शिगोशीग भरलेले होते.

"आर्नोचे बूट किती भिजलेत, बघ," फाल्क म्हणाला. "शेगडीपाशी ठेव ना जरा."

"कोण आर्नो?"

तापात बरळणाऱ्या माणसाकडे पाहावे तसे त्याने तिच्याकडे पाहिले. मग प्रेमाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "दमलीस तू."

टिल्डा त्या दोघांच्या मध्ये उभी होती. "बाबा," ती म्हणाली. फाल्कने तिच्या डोक्यावरून हात लांबवून कॉफीचे भांडे घेतले.

त्या संध्याकाळी आल्मुट लाकडे घेऊन आत आली, तेव्हा शेगडीसमोर दोन मुले पाठमोरी बसली होती. अंगात हाताने विणलेले लोकरी कपडे. मुलीने मान वळवली. चेहरा निवांत होता.

"आई," ती म्हणाली, "किती उशीर केलास."

आल्मुटने लाकडे खाली ठेवली, नीट, एकावर एक. ती विचारी बाई होती. वस्तू खरी की बनावट, हे ती हात लावून ठरवत असे. तिने मुलीचा हात धरला. थंड होता, आणि घासून तेलपाणी केलेल्या लाकडासारखा गुळगुळीत. मनगटाशी तिचे बोट बराच वेळ थांबून राहिले. तिथे काहीही हलत नव्हते.

तिने हात सोडला नाही.

पुढच्या दिवसांत गोष्टी सुरळीत होत गेल्या, हेच त्यातले वाईट. शाळेतून चिठ्ठी आली: आर्नो आणि लिडी गायनात उत्तम. टिल्डाच्या खोलीत दोन खाटा आल्या. कुणी आणल्या, हे फाल्कला सांगता येईना. टिल्डा जिन्याखाली, कोटांच्या मागे निजू लागली. आता ती फक्त आल्मुटशी बोले. दुसऱ्या कुणाला ते ऐकू जात नव्हते.

"माझा देवदूत खिडकीत ठेव ना. ह्या दोघांच्या मागं ठेवलास तरी चालेल."

"उद्या."

"काल पण उद्याच म्हणाली होतीस."

दोनदा आल्मुट माळ्याच्या शिडीला लागली. दोन्ही वेळा खालून "आई" अशी हाक आली, आणि दोन्ही वेळा ती उतरली. उतरताना तिला स्वतःचा राग आला नाही. पायांना बरे वाटत होते, एवढेच तिला कळले.

चोवीस डिसेंबरला, दिवे लागताच, खोऱ्यात नऊ पदार्थांचे जेवण असते. टेबलाच्या चादरीखाली पेंढा पसरतात. एक ताट वाटसरूसाठी जास्तीचे मांडतात. आणि जेवण संपेपर्यंत कुणी उठायचे नाही. उठले तर घरातले काहीतरी निघून जाते, असे म्हणतात.

आल्मुटने पाच ताटे मांडली: फाल्क, ती स्वतः, आर्नो, लिडी. पाचवे वाटसरूचे. मांडताना तिने मोजले होते की नव्हते, हे तिला पुढे कधी ठरवता आले नाही.

टिल्डा येऊन वाटसरूच्या ताटावर बसली.

भाजलेल्या हंसाची वाफ वर चढत होती. फाल्कने मसूर वाढले, बटाट्याचे गोळे वाढले, आंबवलेली कोबी वाढली. पाचव्या ताटापाशी त्याचा डाव थांबला. "ह्याही वर्षी कुणी आलं नाही," तो म्हणाला. "गाव आडबाजूला ना आपलं."

"आल्मुट," टिल्डा म्हणाली, "ऊठ."

खिडकीतल्या दोन्ही ज्योती सरळ होत्या.

"आत्ता जा आणि माझा देवदूत घेऊन ये. मी सगळं ऐकेन तुझं. भांडी घासेन."

आल्मुटने खुर्चीच्या हातांवर तळवे टेकले.

"आई म्हणेन तुला."

पेंढा करकरला. तिच्या मांडीवर एक हात आला होता, लहान आणि थंड. "आई, उठायचं नसतं," लिडी म्हणाली. "घरातलं काहीतरी जातं."

"हो," फाल्क हसून म्हणाला. "बस, बस. नियम म्हणजे नियम."

टिल्डा तिच्याकडेच पाहत होती.

आल्मुट बसूनच राहिली. तिने सुरीने हंसाचा एक तुकडा कापला, मग दुसरा. मान खाली घालूनच तिने नऊच्या नऊ पदार्थ संपवले.

तिने वर पाहिले, तेव्हा पाचव्या खुर्चीत कुणी नव्हते. ताट कोरडे होते. चादरीला मात्र तिथे एक चुणी होती, कुणीतरी मुठीत घट्ट धरून ठेवावी तशी.

दोन फेब्रुवारीला खोऱ्यातल्या सगळ्या खिडक्या विझतात. देवदूत आणि खाणवाले कापसात गुंडाळून पुढच्या वर्षासाठी पेट्यांत जातात. सकाळी साडेसातला शाळेची बस दारासमोर आली. आर्नो आणि लिडी दोन दिवसांपासून सर्दीमुळे घरीच होती. तरीही बस थांबली, दार उघडले, क्षणभर उघडेच राहिले, आणि मग बस पुढे निघून गेली.

"ही जोडी बांधू का?" फाल्कने विचारले.

"राहू दे. मला आवडते ती खिडकीत."

"लोक हसतील."

"हसू देत."

तो माळ्यावर गेला, तारे ठेवायच्या खोक्यासाठी. वर त्याची पावले इकडून तिकडे फिरली. तो उतरला, तेव्हा त्याच्या हातात टोपीची गोल पेटी होती. त्याने झाकण काढले.

"हे काय कुणी ठेवलंय? नाक नाही, डोळे तिरळे." त्याने देवदूत उजेडात धरला. त्याच्या कपाळावर एक आठी आली, राइनहोल्टच्या कपाळावर आली होती तशीच, आणि हळूहळू निघून गेली. "तुझ्या खरेदीतलं आहे का, आल्मुट? लागतंय का तुला?"

आर्नो आणि लिडी शेगडीपाशी बसली होती. दोघांनीही मान वळवली नाही.

शब्द आल्मुटच्या जिभेवर होता. एकच शब्द होता; त्या मुलीचे नाव.

"नाही," ती म्हणाली.

फाल्कने शेगडीचे लोखंडी दार उघडले.

"जुनं लाकूड," थोड्या वेळाने तो म्हणाला. "किती तडतडतंय बघ."

वीतभर लाकडाला लागावा त्याहून पुष्कळ जास्त वेळ ते तडतडत राहिले. लिडी बाजूला सरकली आणि तिने आल्मुटला जागा करून दिली.

"ये ना, आई. छान ऊब आहे."

आल्मुट बसली आणि तिने शेगडीसमोर हात धरले. लिडीने आपला तळवा तिच्या तळव्यात ठेवला. तो आज पहिल्यांदाच गरम होता.