खाज किती, झोप कशी

“अहो, सांभाळून! यात माणसं आहेत!”

सिद्धेश्वरी जागीच थबकली. दवाखान्याच्या जिन्याच्या वळणावर ती ज्याच्यावर आदळली, तो सावळा तरुण बर्फाची पेटी छातीशी कवटाळून उभा होता... तान्हं बाळ धरावं तशी.

“माणसं?”

“म्हणजे — त्यांच्या कातडीचे तुकडे. मसुरीच्या डाळीएवढे.” तो ओशाळून हसला. “मी राजस. वरच्या बायोबँकेत असतो.”

तीही तिथेच निघाली होती. सोरायसिससारख्या जुनाट त्वचारोगांच्या रुग्णांचं रक्त अन् कातडीचे नमुने तिथे गोठवून ठेवत. पुढेमागे त्यातून औषध सापडावं म्हणून. सिद्धेश्वरीच्या कोपरांवर, पाठीवर दहावीपासून चट्टे होते. ते कळल्यावर गेल्या वर्षी विजापूरच्या मंडळींनी ठरलेलं लग्न मोडलं. तेव्हापासून चिंचोळीच्या कारखान्यात सुताचे रंग जुळवायचे आणि शुक्रवार पेठेत घरी परतायचं, एवढंच तिचं जग उरलं होतं.

नमुना घेताना डॉक्टरबाईंच्या हातातली सुई पाहून तिचा चेहरा उतरला. राजस पटकन म्हणाला, “इकडं बघा की. सोलापुरात भजी कुठली भारी?”

“आमच्या पेठेतली.”

“छे! करमाळ्याची भजी खाल्ली नाहीत तुम्ही.”

“करमाळा सोलापूर शहरात कधीपासून आलं?”

वाद इतका रंगला की काम कधी झालं, तिला कळलंच नाही.

मग दर महिन्याला त्याचा फोन येऊ लागला. “खाज किती? झोप कशी? मन कसंय?” आणि थोडं थांबून, “आज कुठला रंग जुळवला?”

“हेही संशोधनात येतं?”

“येतं... बहुतेक.”

त्या ‘बहुतेक’वर ती संध्याकाळभर हसायची, मग स्वतःवरच चिडायची. सगळ्याच रुग्णांशी असं बोलत असेल का तो? की कीव येत असेल? काही केल्या उलगडा होईना.

आणि एका महिन्यात अनोळखी आवाज आला. “मी चेतना, बायोबँकेतून. यापुढे मी फोन करीन. राजससरांनी तुमचं काम सोडलंय.”

सोडलंय! तो शब्द तिला चट्ट्यांहून जास्त झोंबला.

शनिवारी ती तडक दवाखान्यात गेली. राजस फाटकाजवळ चहा पीत होता.

“मला माझा नमुना परत हवाय.”

“का?” तो गडबडला.

“माझं काम नकोसं झालंय म्हणे तुम्हाला.”

“नकोसं?” चहा त्याच्या हातावर सांडला. “अहो, ज्यांचे नमुने माझ्याकडे असतात, त्यांच्याशी मला — असलं काही बोलता येत नाही. म्हणून मीच डॉक्टरबाईंना म्हटलं, यांचं काम दुसऱ्या कुणाला द्या.”

“असलं काही... म्हणजे कसलं?”

“म्हणजे — मला तुम्ही लई आवडता.”

हसावं की रडावं, तिला कळेना.

“हे जायचं नाही,” तिने कोपराकडे बोट दाखवलं. “उद्या मुलाबाळांनाही होऊ शकतं.”

“माहीत आहे. दिवसभर तेच तर बघतो मी. त्याची भीती नाही वाटत. तुम्ही नाही म्हणाल, त्याची वाटते. आणि नाही म्हणालात तरी चालेल. चेतनाचे फोन येत राहतील, उपचारांत काही फरक पडणार नाही.”

“मला काही सुचत नाहीये,” ती पुटपुटली अन् गाडीकडे वळली. किल्ली लावली, काढली. पुन्हा लावली. मग तशीच माघारी आली.

“सोमवारी घरी या. आईशी बोला. पण तिला कानडीच जास्त कळते.”

“मला तर एक शब्द येत नाही.”

“मग शिका की.”

“पहिला शब्द तुम्हीच सांगा.”

तिने ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. सोडलं.

“हौदु.”

“म्हणजे?”

“म्हणजे...” ती जमिनीकडे बघत म्हणाली, “हो.”